अँजिओप्लास्टीच्या वेळी डॉक्टर शिशाचा एप्रन घालतात, मग पेशंटला का देत नाहीत?

मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, टेक्निशियन आहे. वडिलांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी आतले सगळे शिशाच्या एप्रनमध्ये आणि वडिलांच्या अंगावर मात्र नुसती चादर, हे पाहून तुम्हाला राग आला. कुणालाही येईल, पण यात हेळसांड नाही.

एक्स-रे टेबलाखालच्या ट्यूबमधून निघतात आणि छातीतून आरपार वरच्या डिटेक्टरवर जातात. जे हृदय बघायचंय ते त्या वाटेतच आहे. तिथे शिसं आलं तर चित्र तर दिसत नाहीच, शिवाय ते उजळ करायला मशीन आपोआप जास्त किरणं सोडतं. शरीराच्या बाकी भागात पोचतात ती बहुतेक किरणं आतल्या आत विखुरलेली असतात, ती वरून पांघरलेल्या एप्रनने अडत नाहीत.

आमच्या अंगावर येतात ती पेशंटच्या शरीराला लागून विखुरलेली किरणं. एका वेळी थोडी, पण रोज आणि वर्षानुवर्षं. अंतर दुप्पट केलं की मात्रा साधारण चौथाईवर येते, म्हणून रेकॉर्डिंग सुरू झालं की ज्याचं टेबलापाशी काम नाही त्याने मागे सरायचं. आमच्यासाठी मर्यादा आहे वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणांची मात्रा मोजायचं एकक), पाच वर्षांच्या सरासरीने. त्यासाठी छातीवर, एप्रनच्या आत, टीएलडी बॅज (मिळालेली किरणं मोजणारा बिल्ला) लावतो आणि तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. डोळ्यांचं भिंग किरणांना फार नाजूक असतं. मोतीबिंदूच्या धोक्यामुळे किरणोत्सर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०११ मध्ये भिंगासाठीच्या वार्षिक मर्यादेची शिफारस १५० मिलिसिव्हर्टवरून थेट २० वर आणली. तरीही शिशाचा चष्मा खुंटीवर आणि बॅज ड्रॉवरमध्ये ठेवून काम करणारे लोक आहेत, आणि ते बघून मला खरंच चीड येते.

आता वडिलांचं. साध्या अँजिओग्राफीत काही मिलिसिव्हर्ट मिळतात, अँजिओप्लास्टीत बहुधा त्याहून जास्त. निसर्गातून आपल्या सगळ्यांना वर्षाला सरासरी २.४ मिळतातच. बंद नस उघडण्याच्या फायद्यापुढे यातून येणारा कॅन्सरचा वाढीव धोका फार लहान आहे, त्याची काळजी करत बसू नका.

लक्ष ठेवायचं ते पाठीच्या कातडीवर. नस पूर्ण बंद असेल, पेशंट स्थूल असेल आणि काम लांबलं, तर एकाच जागी किरणांचा मारा होतो. साधारण २ ग्रेच्या (कातडीत शोषलेल्या किरणांचं एकक) पुढे कातडी लाल होऊ शकते. जास्त मात्रेत केस गळतात, जखमही होते. हे बऱ्याचदा दोन-तीन आठवड्यांनी दिसतं, तेही खांद्याच्या पात्याखाली, जिथे पेशंटला स्वतःला दिसत नाही. मग कुणी ॲलर्जी म्हणतं, कुणी किडा चावला म्हणतं, आणि मलमं सुरू होतात. अँजिओप्लास्टी झाल्याचं कातडीच्या डॉक्टरांना कुणी सांगतच नाही.

तेव्हा हॉस्पिटलमधून एकूण मात्रेचा आकडा मागून घ्या. मशीन तो प्रत्येक केसला नोंदवतं. त्या आकड्याला 'एअर कर्मा' (air kerma) म्हणतात आणि तो ग्रेमध्ये असतो, म्हणून 'एअर कर्मा किती झाला' असं विचारा. ५ ग्रेच्या वर असेल तर महिनाभर वडिलांची पाठ उजेडात बघत जा. चौकोनी, कडा स्पष्ट असलेला लाल डाग दिसला तर आधी हार्टच्या डॉक्टरांना दाखवा. कुणी तुकडा काढून तपासू म्हणालं, तर किरणांचं आधी सांगा, कारण अशा कातडीवर केलेली जखम लवकर भरत नाही.