अन्नछत्राला देणगी देताना

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. पहिल्या बोनसमधील काही रक्कम सॅन फ्रान्सिस्कोच्या टेंडरलॉइन वस्तीतील ग्लाइड मेमोरियल चर्चच्या अन्नछत्राला द्यावी आणि थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या तिथल्या सणाला, तेथे वाढायलाही जावे, हा तुझा मनोदय मला आवडला. मात्र दिवस बदल, आणि एकरकमी देण्याऐवजी दरमहा थोडे दे, असे मी सुचवेन.

वाढदिवसाला किंवा श्राद्धतिथीला एका दिवसाचे अन्नदान करण्याची आपली रीत वाईट नाही. पण एका दिवसाचे दाते सणासुदीलाच गर्दी करतात. एलिस स्ट्रीटवरील त्या तळघरातल्या भोजनगृहातही नोव्हेंबरअखेर मदतीला येणाऱ्यांची रीघ लागते आणि जानेवारीत तेच हात शोधावे लागतात. शिवाय कॅलिफोर्नियात कॅलफ्रेश हे सरकारी अन्नसाहाय्य महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत कार्डावर जमा होते. ते संपत आले की अशा अन्नछत्रांपुढची रांग वाढू लागते. म्हणून तू महिनाअखेरची पाळी मागून घे.

आता पैशाविषयी. धनाढ्य गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्यासोबत भोजन करण्याच्या संधीचा लिलाव 2000 पासून ग्लाइडसाठी होऊ लागला, तो त्यांच्या पत्नी सुझन यांच्यामुळे. पहिल्या वर्षी 25 हजार डॉलर आले. गाय स्पिअर आणि मुंबईत जन्मलेले मोहनीश पब्राई या गुंतवणूकदारांनी 2007 मध्ये मिळून साडेसहा लाखांची बोली लावली. आणि 2022 मध्ये, शेवटचा म्हणून जाहीर झालेल्या लिलावात, बोली 1 कोटी 90 लाखांवर गेली. हे आकडे वाचून आपल्या पन्नास डॉलरांची काय मातब्बरी, असे तुला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु 2020 आणि 2021 मध्ये साथीमुळे लिलाव झालाच नाही, आणि भूक तर त्या दोन वर्षांत अधिकच होती. मोठा दाता एखाद्या वर्षी नसतो. दरमहा ठरलेली लहान रक्कम मात्र हिशेबात आधीच धरता येते, आणि तिच्या भरवशावर स्वयंपाक्याला कायम नोकरी देता येते.

देणगीला ‘केवळ अन्नासाठी’ अशी अट घालू नकोस. अन्न बरेचसे फूड बँकेकडून, म्हणजे अन्न गोळा करून वाटणाऱ्या संस्थेकडून, किंवा घाऊक दराने मिळते. गॅस, भांडी धुण्याचे यंत्र, नाल्यांची सफाई, पगार या गोष्टींवर आपले नाव लागावे असे कोणालाच वाटत नाही, आणि अडते ते नेमके तेथेच. घरच्या कपाटात पडून राहिलेले डबाबंद पदार्थ तर नेऊच नकोस.

चर्च म्हटल्यावर तुझ्या घरून धर्मांतराची शंका निघेल. ती हसून उडवू नकोस, कारण काही ठिकाणी जेवणाआधी प्रवचन ऐकावे लागते आणि ते मला मुळीच पटत नाही. ग्लाइडचे तेव्हाचे पाद्री सेसिल विल्यम्स यांनी 1967 मध्ये प्रार्थनागृहातील क्रूसच उतरवला, एवढे घरी सांग. दुसऱ्या कोणत्याही चर्चला देण्यापूर्वी ताटासाठी काही अट आहे का, हे विचारून घे.

वाढताना समोरच्याकडे बघून ‘गुड मॉर्निंग’ म्हण, आणि फळ देण्याची पाळी आली तर सफरचंदाच्या फोडी करून देता येतील का, ते विचार. रस्त्यावर राहणाऱ्या अनेकांचे दात अख्खे फळ चावण्याजोगे उरलेले नसतात. छायाचित्रे काढू नकोस.

एक व्यवहाराची बाब राहिली. तुझी कंपनी देणगीत तेवढीच भर घालत असेल, तर उपासनेच्या कार्याला ती बहुधा वगळते; म्हणून पावती चर्चच्या नव्हे, तर ग्लाइड फाउंडेशनच्या नावाची घे. अर्जाची मुदत कंपनीत आजच विचार, कारण पुष्कळ ठिकाणी ती वर्षअखेरीस संपते.

तुझा,
काका