आठ वर्षं झाली, पुढची बारा काढायची का?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा २०१८ मध्ये अमेरिकी आर्मीत भरती झाला. ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरचा मेकॅनिक आहे, हुद्दा स्टाफ सार्जंट. आठ वर्षं होत आली, करार संपायला चौदा महिने उरलेत. सूनबाई घरून सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात, नातू तीन वर्षांचा आहे. यांचं म्हणणं, वीस वर्षं काढून पेन्शन घेऊनच बाहेर पड. माझं म्हणणं, आत्ताच चांगली नोकरी बघ. मुलगा म्हणतो, तुम्ही दोघंही गणित न करता बोलताय.

उत्तर: मुलगा बरोबर बोलतोय. तेव्हा आधी गणित.

तुमच्या यजमानांच्या डोक्यात बहुधा भारतातला हिशेब आहे. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या ज्या घरांतून पोरं फौजेत जातात, तिथे ‘पंधरा वर्षं काढली की पेन्शन’ हे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. अमेरिकेत शिपाई असो वा अधिकारी, आकडा वीसचा. एकोणीस वर्षं अकरा महिन्यांवर आपणहून बाहेर पडलं तर दरमहा पेन्शन शून्य.

पण मुलगा २०१८ चा आहे, आणि १ जानेवारी २०१८ पासून भरती झालेल्यांना बीआरएस ही पेन्शन आणि बचत खातं यांची मिश्र पद्धत लागू आहे. सेवेच्या दर वर्षाला २ टक्के, म्हणजे वीस वर्षांनी सर्वाधिक पगाराच्या ३६ महिन्यांच्या सरासरी बेसिक पेच्या ४० टक्के पेन्शन. जुन्या पद्धतीत हेच ५० टक्के होते. समजा सरासरी बेसिक ५,५०० डॉलर धरला, तर महिन्याला २,२०० डॉलर, चाळिशीच्या आसपास सुरू, महागाईबरोबर वाढणारे, हयातभर. शिवाय लष्करी आरोग्यविमा ट्रायकेअर थोडक्या वर्गणीत चालू राहतो. ही काही लहान गोष्ट नाही.

कमी केलेल्या १० टक्क्यांच्या बदल्यात सरकार टीएसपी या निवृत्ती खात्यात १ टक्का आपोआप भरतं, आणि सेवेची दोन वर्षं झाल्यावर मुलाच्या भरण्याला ४ टक्क्यांपर्यंत जोड देतं. हे पैसे तो उद्या बाहेर पडला तरी त्याचेच. इथे आजच बघण्यासारखं एक आहे. २०१८ मध्ये भरती झालेल्यांची कपात आपोआप ३ टक्क्यांवर सुरू व्हायची. ५ टक्के भरणाऱ्याला सरकारचे ४ टक्के मिळतात, ३ भरणाऱ्याला ३ च. कपात तिथेच राहिली असेल तर इतकी वर्षं एक टक्का हातचा गेला. लीव्ह अँड अर्निंग्ज स्टेटमेंटवर, म्हणजे त्याच्या पगारपत्रकावर, तळाशी टीएसपीचा रकाना असतो, तो बघायला सांगा.

आता तुमच्या ‘चांगल्या नोकरी’कडे येऊ. बाहेरची कंपनी जो आकडा सांगते, तो सगळाच्या सगळा करपात्र असतो. सैन्याच्या पगारातला घरभाडे भत्ता (बीएएच) आणि जेवणाचा भत्ता (बीएएस) करमुक्त. हिशेबासाठी महिना बेसिक ४,०००, बीएएच २,००० आणि बीएएस ४६० धरू. वर्षाचे झाले ७७,५२०. त्यातले २९,५२० करमुक्त. सूनबाईंचा पगार धरून ते दोघं प्राप्तिकराच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात असतील, तर त्यावर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के मिळवून २९.६५ टक्के होतात. कर कापून २९,५२० हातात यायचे तर कंपनीने त्या भागापोटी सुमारे ४२,००० द्यायला हवेत. म्हणजे ९०,००० ची नोकरी मिळाली तर तो आज आहे तिथेच राहिला, राज्याचा कर आणि विम्याचा हप्ता अजून धरलेलाच नाही. ऐंशी हजारांचं ऑफर लेटर आलं म्हणून पेढे वाटणारी घरं इथेच फसतात.

तरीही बाहेर पडणं चूक नाही. त्याच्या हातात जी कला आहे तिला बाहेर मागणी आहे, फक्त तिच्यावर एफएए या अमेरिकी विमान वाहतूक खात्याचा शिक्का हवा. विमानाच्या दुरुस्तीनंतर ‘उड्डाणास योग्य’ अशी सही करायला एअरफ्रेम आणि पॉवरप्लांट, म्हणजे ए अँड पी प्रमाणपत्र लागतं. दोन्ही मिळून ३० महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव पुरतो, तो त्याच्याकडे कधीच झालाय. अनुभवाची कागदपत्रं आणि फॉर्म ८६१०-२ च्या दोन प्रती घेऊन एफएएच्या जिल्हा कार्यालयात जायचं. तिथला निरीक्षक प्रश्न विचारतो आणि पटलं तरच सही करतो. मग जनरल, एअरफ्रेम, पॉवरप्लांट अशा तीन लेखी परीक्षा, त्यानंतर तोंडी आणि प्रात्यक्षिक. लेखीचा निकाल २४ महिने चालतो.

अडतं कुठे, तर ब्लॅक हॉकवाल्यांचा हात पिस्टन इंजिन, प्रोपेलर, कापड आणि लाकडाचं काम यांना लागलेला नसतो, आणि परीक्षक नेमकं तेच समोर ठेवतो. आणखी एक, सार्जंट झाल्यावर पाना हातातून सुटतो आणि क्लिपबोर्ड येतो, त्यामुळे कागदोपत्री अनुभव शेवटच्या वर्षांत ‘देखरेख’ म्हणून नोंदला जातो. प्रत्यक्ष काय उघडलं, काय बदललं, काय तपासलं हे वरिष्ठाच्या सहीच्या पत्रात तपशिलाने यायला हवं. हे सगळं गणवेशात असतानाच उरकावं. परीक्षेची फी आर्मीच्या क्रेडेन्शियल योजनेतून मिळू शकते, आणि बाहेर पडल्यावर ज्या वरिष्ठाची सही हवी तो तोवर कोरियाला बदलून गेलेला असतो.

आता नातवाचा भाग, आणि सगळ्यांत महाग चूक इथेच होते. पोस्ट ९/११ जीआय बिल या सैनिकांच्या शिक्षणखर्चाच्या योजनेखाली मुलाला ३६ महिन्यांच्या शिक्षणाचा हक्क मिळालाय. हा हक्क बायको-मुलांच्या नावे करता येतो, पण अट अशी की सेवेची सहा वर्षं झालेली हवीत, पुढच्या चार वर्षांची बांधिलकी घ्यायला हवी, आणि अर्ज सेवेत असतानाच व्हायला हवा. बाहेर पडल्याच्या दुसऱ्या दिवशी हा दरवाजा बंद, विनंतीअर्ज करून उघडत नाही. चार वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजतात. सहाव्या वर्षी अर्ज केला असता तर दहाव्या वर्षी मोकळा झाला असता. आज केला तर बाराव्या वर्षी होईल. मिलकनेक्ट या संकेतस्थळावर प्रत्येकाच्या नावाला निदान एकेक महिना टाकून ठेवावा. ज्याचं नाव आधीपासून आहे त्याचे महिने पुढे कमी-जास्त करता येतात, पण सेवा सोडल्यावर नवं नाव घालता येत नाही. म्हणून दुसरं मूल झालं तर त्याचंही नाव सेवेत असतानाच घालायचं. हक्क वापरला आणि चार वर्षं पुरी केली नाहीत, तर खर्च झालेले पैसे कर्ज म्हणून अंगावर येतात.

तर चार वर्षं राहायचंच असेल तर ती नुसती राहू नयेत. जीआय बिलाचं हस्तांतर त्यातच बसवावं. बीआरएसवाल्यांना बारा वर्षं पुरी होण्याआधी एकदाच मिळणारा कंटिन्युएशन पे, म्हणजे सेवेत टिकण्याबद्दलची रक्कमही त्याच काळात घ्यावी, ती किमान अडीच महिन्यांच्या बेसिकइतकी असते. पुन्हा करार करण्याचा बोनस मिळत असेल तर तारीख ठरवण्याआधी करिअर काउन्सेलरकडून लेखी घ्यावं, कारण मुदतीआधी सोडलं तर न कमावलेला भाग परत मागतात. आणि हेही आत्ताच समजून घ्यावं की बारा वर्षं झाल्यावर बाहेर पडणं फार महाग पडतं, आठ उरतात आणि पेन्शन समोर दिसू लागते. निर्णय खरा आत्ताच आहे.

आमचा कल तिसऱ्या वाटेकडे आहे, जिचं तुमच्या पत्रात नावही नाही: नॅशनल गार्ड किंवा रिझर्व्ह. महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातले दोन आठवडे, बाकी बाहेरची नोकरी. आठ वर्षं जमेस धरली जातात. पेन्शनच्या हिशेबात पूर्णवेळ सेवेच्या प्रत्येक दिवसाला एक गुण, म्हणजे आठ वर्षांचे २,९२२. गार्डच्या वर्षाला साधारण ७८: कवायतीचे ४८, दोन आठवड्यांचे १५, सभासदत्वाचे १५. बारा वर्षांचे ९३६. एकूण ३,८५८ ला ३६० ने भागलं की १०.७ वर्षं, दर वर्षाला २ टक्क्यांनी बेसिकच्या २१.४ टक्के. ही पेन्शन बहुधा ६० व्या वर्षी सुरू होते, चाळिशीत नाही. पण जीआय बिलाचं हस्तांतर गार्डमधल्या चार वर्षांच्या बांधिलकीवरही होतं, आणि ट्रायकेअर रिझर्व्ह सिलेक्ट हा विमा हप्ता भरून घेता येतो. जोखीम आहेच: युनिट बोलावलं की वर्षभर जावं लागतं. नोकरी कायद्याने पाच वर्षांपर्यंत राखून ठेवतात, पण घरात लहान मूल सांभाळायला कायदा येत नाही. आपल्या राज्याच्या गार्डकडे ब्लॅक हॉकचं युनिट आहे का आणि त्याच्या हुद्द्याची जागा रिकामी आहे का, हे आधी विचारावं. जागा नसली तर दुसऱ्या कामावर घेतात आणि कला हातची जाते.

विम्याचं नीट बघा. करार संपवून आपणहून बाहेर पडणाऱ्याचा ट्रायकेअर साधारण त्याच दिवशी संपतो. दुसऱ्याच दिवसापासून गार्डमध्ये दाखल असेल, तर १८० दिवस मोफत चालू राहतो. मध्ये एक दिवसाचीही फट पडू देऊ नये. नाहीतर सूनबाईंच्या कंपनीच्या विम्यात नावं घालायला विमा गेल्यापासून ३० दिवसांची मुदत असते. तेव्हाच नेमकी सामानाची बांधाबांध चालू असते आणि मुदत हुकते.

भारताशी जोडलेल्या दोन गोष्टी मराठी घरांत हमखास निघतात. पहिली ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते कार्ड. परकीय सैन्यात असलेल्याला किंवा तिथून निवृत्त झालेल्याला भारत ओसीआय देत नाही. तेव्हा ‘सैन्य सोड म्हणजे कार्ड मिळेल’ या आशेवर निर्णय घेऊ नका, गावी जाताना त्याने व्हिसा धरूनच चालावं. दुसरी सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय कामासाठीची सरकारी मंजुरी. संरक्षण कंपन्या याच कागदासाठी माणसं शोधतात, आणि सेवा सोडल्यावर २४ महिन्यांच्या आत नोकरी धरली तर सहसा पूर्ण चौकशी नव्याने होत नाही. त्यासाठी भरायच्या एसएफ-८६ फॉर्मवर परदेशातली खाती, मालमत्ता, जवळचे नातेवाईक सगळं लिहावं लागतं. बाबांनी कधीकाळी सांगलीच्या बँकेत मुलाचं नाव जोडून मुदतठेव केलेली असते, मुलाला पत्ताच नसतो, आणि तो ‘नाही’वर खूण करतो. ठेव असण्याने सहसा बिघडत नाही, लपवली असं दिसल्याने बिघडतं. पुढच्या रविवारी कपाटातली सगळी पासबुकं आणि सातबारा काढून त्याला यादी द्या. वर्षात कधीही परदेशी खात्यांची बेरीज १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार हा परदेशी खात्यांचा अहवाल भरलाय का, तेही बघा.

बाहेर पडायचं ठरलंच तर तारखा अशा. ३६५ दिवस आधी टॅप हा बाहेर पडणाऱ्यांच्या तयारीचा सक्तीचा कार्यक्रम सुरू झाला पाहिजे, म्हणजे त्याच्या हातात दोनच महिने आहेत. सैन्याचा पगार चालू असताना कंपनीत उमेदवारी करण्याची स्किलब्रिज योजना जास्तीत जास्त शेवटच्या १८० दिवसांची असते. कमांडरची परवानगी लागते आणि हुद्द्याप्रमाणे दिवस कमी होतात. १८० ते ९० दिवसांच्या खिडकीत अपंगत्व भरपाईचा दावा करावा. मेकॅनिकच्या कानांत घणघण असते, गुडघे आणि कंबर गेलेली असते, पण डॉक्टरकडे कधी गेलाच नाही म्हणून नोंद नसते. ती नोंद आत्तापासून करून घ्यायची. साठलेली रजा विकली तर फक्त बेसिक मिळतो. टर्मिनल लीव्ह, म्हणजे सेवेच्या अगदी शेवटची रजा, म्हणून घेतली तर भत्तेही मिळतात, म्हणून ती घ्यावीच.

शेवटी हातात डीडी-२१४ हा सेवेचा दाखला येतो. सही करण्याआधी शिक्षणक्रम, पदकं, परदेशातले दिवस आणि सेवेचा प्रकार ओळीने तपासावा, नंतर दुरुस्तीला महिनोन् महिने जातात. ‘मेंबर-४’ ही प्रत पुढे सगळीकडे मागतात. तिची एक रंगीत झेरॉक्स तुमच्याकडेही असू द्या.