ब्रसेल्समधलं सें-लुई विद्यापीठ आणि लूव्हाँ विद्यापीठ एकच आहे का?

आता हो. पण 2023 पर्यंत ही दोन वेगळी विद्यापीठं होती, म्हणून जुन्या माहितीपत्रकांवरून गोंधळ उडतो.

सें-लुई 1858 पासूनचं, कॅथलिक परंपरेतलं, ब्रसेल्सच्या ऐन मध्यावर. शिकवणं मुख्यतः फ्रेंचमधून; कायद्याला मात्र फ्रेंचसोबत डच किंवा इंग्रजीही घेता येतं. 2023 मध्ये ते यूसीलूव्हाँमध्ये, म्हणजे फ्रेंचभाषक लूव्हाँ विद्यापीठात, विलीन झालं.

लूव्हाँची गोष्ट जास्त रंगतदार. मूळ विद्यापीठ लूव्हेन (फ्रेंचमध्ये लूव्हाँ) या डचभाषक शहरात. तिथे फ्रेंच नको म्हणून 1968 मध्ये आंदोलन इतकं पेटलं की बेल्जियमचं सरकार पडलं आणि विद्यापीठाची दोन शकलं झाली. ग्रंथालयाचीही वाटणी झाली: बरीचशी पुस्तकं चक्क सम-विषम क्रमांकांनी वाटली! भाऊबंदकी म्हणतात ती हीच. फ्रेंच शाखेसाठी मग लूव्हाँ-ला-नव्ह हे नवं गावच वसवलं, वैद्यकीय विभाग ब्रसेल्सच्या वोल्युवे भागात गेला.

‘कॅथलिक’ शब्दाला बिचकू नका, प्रवेशाला धर्माची अट नाही. अर्ज भरताना कॅम्पस मात्र नीट बघा. आणि ब्रसेल्समधलंच यूएलबी (युनिव्हर्सिते लिब्र द ब्रुक्सेल) हे तिसरंच विद्यापीठ, 1834 चं, चर्चच्या प्रभावाविरुद्ध उभं राहिलेलं.