विल्यम सफायर यांची ‘फुल डिस्क्लोजर’ ही अंध राष्ट्राध्यक्षावरची राजकीय थरारकथा वाचावी का?
होय, अवश्य वाचावी, कारण हल्ल्यात दृष्टी गमावलेल्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षाला पदावर राहू द्यायचे की नाही, हा १९७७ सालच्या या कादंबरीतला प्रश्न आजही तितकाच अस्वस्थ करतो. सारा संघर्ष १९६७ साली अमलात आलेल्या २५व्या घटनादुरुस्तीभोवती फिरतो. तिच्या चौथ्या कलमानुसार उपराष्ट्राध्यक्ष आणि मंत्रिमंडळाचे बहुमत मिळून राष्ट्राध्यक्ष कर्तव्य बजावण्यास असमर्थ असल्याचे जाहीर करू शकतात. सफायर हे स्वतः निक्सन यांचे भाषणलेखक होते आणि त्यामुळेच सत्तेच्या दालनांतली कुजबुज, निष्ठा आणि दगाबाजी मला विलक्षण खरी वाटली. मात्र पुस्तक जाडजूड असून घटनात्मक वादांत रमते, म्हणून पाठलाग आणि गोळीबाराच्या अपेक्षेने ते हाती घेऊ नये.