६०६१-टी६ ॲल्युमिनियमची पट्टी वेल्डिंगनंतर वेल्डच्या बाजूलाच का वाकली?

वेल्डरला दोष देऊ नका, वेल्ड बहुतेक चांगलाच असेल, गेलीये ती बाजूच्या पट्टीची ताकद. ६०६१ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूमध्ये साधारण १ टक्का मॅग्नेशियम आणि ०.६ टक्के सिलिकॉन असतं पण नुसतं ते घालून भागत नाही, ॲनील केलेल्या (तापवून मऊ केलेल्या) मालाची यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो तो) ५५ मेगापास्कलच्या आसपास आणि तोच माल टी६ केला (म्हणजे त्यावर खालची उष्णता-प्रक्रिया केली) की २७५, म्हणजे पाचपट! होतं असं की ५३० डिग्रीला तापवून दोन्ही ॲल्युमिनियममध्ये विरघळवतात, लगेच पाण्यात टाकतात (हे क्वेंच) म्हणजे त्यांना बाहेर पडायला वेळच मिळत नाही, मग १६०-१७५ डिग्रीला काही तास ठेवलं (हे एजिंग) की त्यांचे अगदी बारीक कण तयार होतात आणि ताकद येते ती या कणांमुळेच. वेल्डिंगच्या उष्णतेने हे कण मोठे आणि विरळ होतात, काही परत विरघळतात, की ताकद जवळपास निम्मी.

(१९०६ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड विल्मला हे एजिंग सापडलं, क्वेंच केलेला मिश्रधातू नुसता ठेवल्या ठेवल्या कडक होत गेला, मला अजूनही भारी वाटतं.)

परत टी६ करता येतं पण क्वेंचमध्ये तुकडा वाकडा होऊ शकतो. त्यापेक्षा जॉइंट कमी लोडच्या जागी घ्या किंवा सरळ बोल्ट लावा.