सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला) निघाली का, ते आधी बघा

प्रश्न कुर्ल्याचा आहे. पागडीची (मालकाला एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेल्या खोल्यांची) इमारत सी-१, म्हणजे अतिधोकादायक ठरली, महापालिका कायद्याच्या कलम ३५४ची नोटीस लागली, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्यांनी खोल्या सोडल्या आणि पालिकेने इमारत पाडली. ‘तीन वर्षांत परत आणतो’ म्हणणारा मालक आता म्हणतो, इमारतच नाही तर भाडेकरू कसले? वाचक विचारतात, पालिका आम्हाला तात्पुरतं घर द्यायला बांधील नाही का?

दर पावसाळ्यानंतर अशी पत्रं येतात. तात्पुरत्या घराच्या मागे फार धावू नका. म्हाडाची संक्रमण शिबिरं उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींसाठी आहेत आणि त्या इमारती मुंबईच्या शहर भागात असतात, उपनगरातल्या कुर्ल्यात नाही. खासगी इमारतीतल्या भाडेकरूला पालिकेकडून खोली मिळालीच तर ती कृपा समजा, आणि प्रदूषणासाठी बदनाम असलेल्या माहुलसारख्या ठिकाणी मिळाली तर तीही नको म्हणाल.

मालकाचा मुद्दा तकलादू आहे. पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरार संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच शाह रतनसी खिमजी प्रकरणात सांगितलंय.

तुमचं सगळं एका अटीवर अडलंय. उच्च न्यायालयाने जून २०१४ मध्ये धोकादायक इमारतींबाबत पालिकेला घालून दिलेल्या नियमांत ती आहे: आयओडी (नव्या इमारतीच्या आराखड्याला मिळणारी पहिली मंजुरी) देताना पालिकेने अशी अट घालायची की मालकाचा भाडेकरूंशी पर्यायी जागेचा करार किंवा तडजोड झाल्याशिवाय सीसी मिळणार नाही. म्हणजे सीसी निघेपर्यंत मालकाची मान तुमच्या हातात आहे. निघाली, की तुम्हाला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागेल; तिथे काय होईल हे कागद पाहिल्याशिवाय सांगत नाही.

म्हणून याच आठवड्यात माहितीच्या अधिकारात पालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाकडून आयओडीची प्रत मागवा आणि सीसी निघाली का ते विचारा. उत्तराची वाट न बघता ‘करार झालेला नाही, सीसी देऊ नये’ असा लेखी आक्षेप सर्व भाडेकरूंच्या सह्यांनी त्याच विभागात द्या.

पाडण्याआधी पालिकेने भाडेकरूंची यादी आणि प्रत्येकाच्या ताब्यातलं क्षेत्रफळ नोंदवायचं असतं. ती नोंद वॉर्ड ऑफिसातून काढा. खोली सोडताना ती का घेतली नाहीत? टेम्पोवाल्याची पावती मात्र पत्रासोबत जोडलीय. पोटमाळा मोजलाय का, तेही पाहा. भांडण तिथेच लागतं.

तुम्ही लिहिता, भाडेपावती अजून दिवंगत वडिलांच्या नावावर आहे. वडील वारले तेव्हा तुम्ही त्यांच्यासोबत राहत असाल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ७(१५) खाली हक्क सांगता येतो. पण भावंडांचं एकमत आत्ताच लेखी करा. नाहीतर प्रकरण लघुवाद न्यायालयात जाईल आणि निकाल नातवंडं ऐकतील.

प्रत्येक अर्जावर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. ‘साहेबांना भेटून सांगितलं’ याला पुरावा म्हणत नाहीत.