वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये होर्ड म्हणजे खलनायक आणि अलायन्स म्हणजे नायक, असं खरंच आहे का?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये तुम्ही पहिलं कॅरेक्टर बनवताय आणि होर्ड की अलायन्स, यातला एक गट निवडायचाय. मित्रांनी सांगितलंय की होर्ड ही राक्षसांची टोळी आहे आणि चांगल्या बाजूने खेळायचं असेल तर अलायन्सच घ्यायचं. हे कितपत खरं, असा तुमचा प्रश्न आहे.

खरं नाही. सुळे आणि हिरवी कातडी बघून झालेला हा समज आहे. ॲझरॉथ या गेममधल्या जगातले दोन्ही गट बहुतांशी घरदार गमावलेल्या लोकांनी उभे केलेत आणि बऱ्याचदा एकाचं घर दुसऱ्यानेच पाडलेलं आहे. हे एकदा लक्षात आलं की या जगाची सगळी कथा वेगळीच दिसू लागते.

होर्डमधले ऑर्क मूळचे ड्रेनॉर या दुसऱ्या ग्रहावरचे. निसर्गशक्तींना मानणाऱ्या, शामनांच्या सल्ल्याने चालणाऱ्या त्यांच्या टोळ्या होत्या. सत्तेसाठी हपापलेल्या गुलदान या ऑर्क मांत्रिकाने त्यांना बर्निंग लीजन या दैत्यांच्या सैन्याच्या दावणीला बांधलं. मॅनोरॉथ या दैत्याचं बेभान करणारं रक्त प्यायला सर्वात आधी ग्रॉम हेलस्क्रीम पुढे झाला, त्यामागून बाकीचे सरदार प्यायले. फ्रॉस्टवुल्फ टोळीचा ड्युरोटान मात्र प्यायला नाही. मग या ऑर्कांनी शेजारच्या ड्रेनाय लोकांची कत्तल केली, त्यांच्या हाडांनी रस्ता बांधला आणि डार्क पोर्टलमधून ॲझरॉथमध्ये घुसून मानवांचं स्टॉर्मविंड शहर जाळलं. 1994 च्या पहिल्या वॉरक्राफ्ट गेममधली होर्ड ती हीच. तिच्याबद्दल तुमचे मित्र म्हणतात ते शंभर टक्के बरोबर आहे.

अलायन्स जन्मली ती या राखेतून. स्टॉर्मविंडचे वाचलेले लोक घेऊन त्यांचा सेनापती लोथार समुद्रमार्गे लॉर्डेरॉन या दुसऱ्या मानवी राज्यात गेला, तिथे राजा टेरेनासने मानवी राज्यं, ड्वार्फ आणि हाय एल्फ यांना एकत्र आणलं आणि दुसरं युद्ध जिंकलं. आता हरलेल्या ऑर्कांचं करायचं काय, असा प्रश्न आला. त्यांना छावण्यांमध्ये कोंडण्यात आलं. रक्ताची धुंदी उतरलेले ऑर्क तिथे सुस्त, निर्जीव होऊन पडून राहिले. ड्युरोटानचा अनाथ मुलगा थ्रॉल एका मानवी अधिकाऱ्याकडे गुलाम म्हणून, आखाड्यात लढण्यासाठी वाढला.

याच थ्रॉलने पुढे त्या छावण्या फोडल्या. 2002 च्या तिसऱ्या वॉरक्राफ्टमध्ये तो आपल्या लोकांना घेऊन कॅलिमडॉर या खंडात जातो. वाटेत डार्कस्पिअर ट्रोल त्याला मिळतात, पुढे सेंटॉरांच्या हल्ल्यांनी बेजार झालेले टॉरेन. शेवटी ग्रॉम मॅनोरॉथला मारतो, त्यात स्वतःही मरतो आणि रक्ताचा शाप सुटतो. माझ्या मते अख्ख्या लोरमधला, म्हणजे गेमच्या कथाविश्वातला, सर्वात महत्त्वाचा क्षण हाच. यानंतरची होर्ड नावाने जुनी असली तरी हेतूने पूर्णपणे नवी आहे. तुम्ही ऑर्क घेतलात तर या होर्डमध्ये जाता.

मला स्वतःला सर्वात जास्त हलवतात ते होर्डमधले फॉरसेकन, म्हणजे मरून उठलेले लोक. हे मुळात लॉर्डेरॉनचे मानव, म्हणजे अलायन्सचेच प्रजाजन. युवराज आर्थसने प्लेगच्या भीतीने स्ट्रॅटहोममधल्या स्वतःच्याच लोकांना कापून काढलं, पुढे फ्रॉस्टमोर्न तलवारीच्या मोहात पडून बापाचाही खून केला. राज्य मेलं आणि मेलेले उठून त्याचं सैन्य झाले. त्यातल्या ज्यांना आपली इच्छाशक्ती परत मिळाली, ते सिल्व्हानस या त्यांच्यासारख्याच मरून उठलेल्या एल्फ सेनानीच्या मागे उभे राहिले. आपल्याच राजधानीच्या खाली, अंडरसिटीत ते राहू लागले आणि जिवंत मानवांनी त्यांना भुतं ठरवलं. होर्डने त्यांना घेतलं ते गरजेपोटी. प्रेम दोन्हीकडून फारसं नव्हतं. ब्लड एल्फ, म्हणजे वाचलेले हाय एल्फ, त्यांचंही तसंच. अलायन्सच्या गारिथॉस नावाच्या सेनापतीने त्यांचा युवराज केलथास आणि त्याच्या माणसांना डॅलरान या जादूगारांच्या शहरातल्या तुरुंगात टाकलं होतं. 2007 च्या बर्निंग क्रूसेड या एक्सपान्शनमध्ये, म्हणजे गेमला जोडलेल्या नव्या भागात, ब्लड एल्फ होर्डकडे आले तेव्हा त्यामागे हा अपमानही होता.

म्हणून होर्ड निर्दोष, असंही मी म्हणणार नाही. त्याच बर्निंग क्रूसेडमध्ये ड्रेनाय अलायन्समध्ये आले. ज्यांनी आपल्या हाडांचा रस्ता केला, त्यांच्या वंशजांशी जुळवून घ्या, असं त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? पुढे होर्डचा वॉरचीफ म्हणजे प्रमुख झालेल्या गॅरॉशने अलायन्सचं थेरामोर शहर मॅना बॉम्ब या जादूच्या बॉम्बने उडवलं, त्यानंतर वॉरचीफ झालेल्या सिल्व्हानसने नाईट एल्फांचा महावृक्ष टेलड्रासिल जाळला. या दोन्हींचं समर्थन होऊच शकत नाही. पण टॉरेनांचं कॅम्प टॉराजो अलायन्सच्या फौजेने जाळलं आणि थेरामोरनंतर संतापलेल्या तिथल्या प्रमुख जेनाने डॅलरानमधल्या ब्लड एल्फांना हुसकावलं, त्यात अनेक जण मारले गेले. हेही त्याच हिशेबात धरायला हवं.

कथेबद्दल माझी एक खरी तक्रार आहे. होर्डचा वॉरचीफ बिघडतो, त्याच्याविरुद्ध होर्डमध्येच बंड होतं आणि अलायन्सही त्यात सामील होते, हा साचा लेखकांनी आधी गॅरॉशसाठी आणि मग सिल्व्हानससाठी वापरला. त्यामुळे सगळ्या लोकांचा दोष एकाच डोक्यावर जातो. दुसऱ्या वेळी निभावलं ते सॉरफँग या म्हाताऱ्या ऑर्क योद्ध्यामुळे. जुन्या होर्डची पापं त्याने स्वतः केली होती आणि ती तो विसरला नव्हता. मकगोरा द्वंद्वात सिल्व्हानससमोर तो मरतो, पण तिच्या तोंडून होर्डबद्दलचा तिरस्कार सगळ्यांसमोर बाहेर काढतो. त्यानंतर वॉरचीफपद राहिलं नाही, होर्ड परिषदेमार्फत चालते.

खेळण्याच्या दृष्टीने आता गट निवडणं पूर्वीइतकं जोखमीचं नाही. 2004 मध्ये समोरच्या गटातल्या खेळाडूचं बोलणंही समजायचं नाही, सोबत डंजन (छोट्या गटाने पार करायची मोहीम) करणं तर दूरच. 2022 पासून दोन्ही गटांचे खेळाडू एकत्र गट करून डंजन आणि रेड (मोठ्या गटाची मोहीम) करू शकतात. पँडारेन, ड्रॅक्थिर आणि अर्थन या वंशांना तर बाजू निवडता येते. आर्जंट क्रूसेड, सेनारियन सर्कल असे तटस्थ गटही भरपूर आहेत, पण त्यांची ओळख खेळताना आपोआप होईल.

तुम्हाला लोरची ओढ दिसते, म्हणून क्लासिक सर्व्हरवर, म्हणजे गेमच्या जुन्या आवृत्तीत, फॉरसेकन घेऊन टिरिसफॉल या त्यांच्या सुरुवातीच्या प्रदेशात सुरुवात करा. पहिल्या काही क्वेस्टमध्येच (कामगिऱ्यांमध्ये) स्कार्लेट क्रूसेड या मेलेल्यांचा द्वेष करणाऱ्या कट्टर मानवी गटाची माणसं तुम्हाला मारायला येतील, तेव्हा त्यांच्या नजरेतून तुम्ही कोण आहात याचा विचार करा. मग बर्निंग क्रूसेड असलेल्या सर्व्हरवर एक ड्रेनाय बनवा आणि आऊटलँडला, म्हणजे फुटलेल्या ड्रेनॉरच्या उरलेल्या भागात, पोहोचलात की डार्क पोर्टलपासून निघणाऱ्या त्या हाडांच्या रस्त्यावरून चालत जा. ही दोन्ही कॅरेक्टर्स खेळून झाली की तुमची बाजू तुम्ही स्वतःच ठरवाल.